चेन का पडत होती

दोघांच्या सायकलवर मागे बसणाऱ्याला फारसं काही करायचं नसतं, असं लोकांना वाटतं. हँडल हातात असतं पण ते वळत नाही, गिअर त्याच्याकडे नसतात, आणि माझ्यासारख्याला समोर काय आहे तेही दिसत नाही. पण पुढची आणि मागची पेडलं एका चेनने जोडलेली असतात. पुढच्याने पाय फिरवला की माझा फिरतो, माझा फिरला की त्याचा. त्यामुळे पुढच्या माणसाचे पाय मला माझ्या तळव्यांत कळायचे. तो रात्री नीट झोपलाय की नाही, त्याचा डावा गुडघा कुरकुरतोय का, डोक्यात काही खदखदतंय का, हे तो तोंड उघडायच्या आधी मला ठाऊक असायचं.

पुढे बसायचा तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे सावकाश म्हणत. लहानपणी तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळून उतरायचा, तोंडातला घास गिळायच्या आत दुसरा घ्यायचा, आणि त्याची आई दिवसभर "अरे सावकाश, सावकाश" करत त्याच्या मागे धावायची. तेच नाव पडलं. पस्तिशी उलटली तरी नाव तसंच राहिलं आणि घाईही तशीच राहिली.

माझी नजर तिशीत गेली. एकदम नाही, कडेकडून आत येत येत, पडदा ओढावा तशी. तोवर मी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होतोच, आणि नंतरही राहिलो. सांधा कुठे अडकलाय, स्नायू कुठे गाठाळलाय, हे बघायला डोळे लागत नाहीत. सावकाश त्याच हॉस्पिटलची व्हॅन चालवायचा. ज्यांना स्वतःहून येता येत नाही अशा पेशंटना सकाळी घरून आणायचं, दुपारी चार वाजता परत सोडायचं. त्यातले निम्मे माझेच पेशंट. मंगळवारी आणि शुक्रवारी वाटेत माझी बायकोही त्याच्या शेजारच्या सीटवर बसून घरी यायची. ती छापखान्यात प्रुफं तपासायची आणि छापखाना व्हॅनच्या रस्त्यावरच होता.

रविवारी सकाळी आम्ही दोघं सायकल काढायचो. सायकल आमची नव्हती, न दिसणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका क्लबची होती. त्यांच्या शेडमधून घ्यायची, तलावापर्यंत जायचं, वळून यायचं, परत लावायची. आठवड्यातले ते दोन तास मी कुणाचा हात न धरता वेगात असायचो. ज्याची नजर शाबूत आहे त्याला हे सांगून समजायचं नाही, म्हणून मी कुणाला सांगत नसे.

पहिल्यांदा चेन पडली ती तलावाच्या चढावर. सावकाश व्हॅनमधल्या कुणा आजोबांची नक्कल करत होता, मग गप्प झाला. चढावर माणूस गप्प होतोच. पेडलं एकाएकी जड झाली, जणू कुणी त्यांच्यावर दोन पोती ठेवली. मी जोर वाढवला. मग गिअरचा खटका ओढल्याचा आवाज, कर्रकन काहीतरी घासलं आणि माझे पाय मोकळे, बिनवजनी फिरले.

"थांबा, थांबा. चेन पडली."

आम्ही उतरलो. तो खाली बसून चेन चढवू लागला. ग्रीसचा वास आला.

"भावजी, तुम्ही मागून रेडा जुंपल्यासारखा जोर लावता. मी गिअर बदलताना जरा ढील द्या की."

"तू बदलतोयस हे कळलं तर देईन ना. 'बदल' म्हणायचं ठरलंय आपलं."

"म्हणालो की."

"नाही म्हणालास."

"म्हणालो. वाऱ्यात ऐकू आलं नसेल."

वारा नव्हता. पण आंधळ्याचे कान कधी चुकत नाहीत हा इतरांचा गैरसमज आहे. माझे चुकतात. तेव्हा मी म्हटलं, असेल. पुढच्या रविवारपासून मी त्याच्या प्रत्येक शब्दाकडे कान लावून बसू लागलो आणि पाय हलके ठेवू लागलो. तीन आठवड्यांनी चेन पुन्हा पडली. पुन्हा तेच, मी मागून दाबलं म्हणून.

तिसऱ्या वेळी ती नुसती पडली नाही. दात्यांची चकती आणि फ्रेम यांच्या मधे जाऊन अडकली आणि आम्ही थांबेपर्यंत अर्धा फेरा तशीच ओढली गेली. धातू फाटल्यासारखा आवाज झाला. ती काढताना सावकाशचं बोट कापलं. परत येताना आम्ही सायकल ढकलत आणली. तो सगळी वाट बोलत होता, आणि बोलत असतानाही मला वाटत होतं की तो कशाची तरी वाट बघतोय.

क्लबच्या शेडमध्ये सायकली दुरुस्त करणारी एक बाई होती. सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत. तिने सायकल उलटी करून ठेवली, नळ्यांवरून हात फिरवला, मग म्हणाली, "दादा, हात द्या."

तिने माझं बोट धरून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर ठेवलं. तिथे एक खाच होती. नख आत जाईल इतकी खोल, आणि कड धारदार.

"ही नळी अॅल्युमिनियमची आहे," ती म्हणाली. "लोखंड असतं तर वाकलं असतं, आधी सांगितलं असतं. हे सांगत नाही. एक दिवस तुटतं."

"खटक्यात काही दोष?" सावकाशने विचारलं.

"दोनदा तपासला. स्क्रू जागच्या जागी आहेत. भार असताना गिअर ओढला जातोय. तुमच्यातला एक जण सांगत नाही, नाहीतर दुसरा ऐकत नाही. सायकल मधल्या मधे मरतेय."

सावकाश हसला. मीही हसलो, कारण तो हसला होता.

मग नुकसानीचा फॉर्म आला. क्लबची सायकल खराब झाली की तो भरावाच लागे. काय झालं, कशामुळे, जबाबदार कोण. सावकाशने पेन घेतलं. मी त्याच्या पेनचा कागदावरचा आवाज ऐकत होतो. जितकं लिहायला हवं होतं त्याहून जरा जास्त वेळ तो लिहीत होता.

"काय लिहिलंस?"

"चेन पडून फ्रेमला खाच. दुसरं काय लिहिणार." त्याने माझं बोट सहीच्या रेघेवर ठेवलं. मी सही केली.

त्यानंतरच्या रविवारी मला पहिल्यांदा कळलं.

सपाट रस्ता होता. तो मला व्हॅनच्या नव्या टायरांबद्दल सांगत होता. "मी त्यांना म्हटलं, पावसाळ्याच्या आधी बदला, तर ते म्हणतात," आणि तिथेच थांबला. त्याच क्षणी माझ्या तळव्यांखाली त्याचे पाय मेले. दमलेले पाय मला ठाऊक आहेत, आळशी पायही. हे तसे नव्हते. पक्षाघात झालेल्या माणसाचा पाय उचलला की जसा हातात येतो, नुसतं वजन, आत कुणी नाही, तसे. मी पेडल मारत राहिलो. मनात आकडे सुरू झाले होते. एक, दोन, तीन, चार. मग ते पाय दचकले, जोरात खाली आले, खटका ओढला गेला, चेन खडखडली पण पडली नाही, आणि तो म्हणाला, "हां, तर टायर. काय म्हणत होतो मी?"

"ते काय म्हणाले ते सांगत होतास."

"कोण?"



हॉस्पिटलात काढलेल्या वर्षांनी मला इतकं नक्कीच शिकवलं होतं. फीट म्हटलं की लोकांना हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस आठवतो. पण काही फिटा गुपचूप येतात. माणूस उभा असतो, डोळे उघडे असतात, हातात चहाचा कप तसाच असतो, फक्त तो स्वतः तिथे नसतो. समोरच्याला वाटतं, विचारात पडलाय. ज्याला नजर आहे त्याला हे दिसेलच असं नाही. मला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मला ते पायांना कळलं.

आता मी रविवारी तलावाकडे जात नव्हतो, त्याच्या पायांकडे जात होतो. एका रविवारी काहीच झालं नाही आणि मी स्वतःला मूर्ख म्हणालो. पुढच्या रविवारी दोनदा झालं. चेन पडली ती त्यातल्या दुसऱ्या वेळी. तो तसाच म्हणाला, "भावजी, पाय." मी म्हटलं, "चुकलं."

का म्हटलं असं? मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मी चुकत असलो तर एका धडधाकट माणसाची नोकरी माझ्या पायांच्या साक्षीवर जाईल, हे एक कारण होतं. तो बायकोचा भाऊ होता, हे दुसरं. तिसरं कारण मी खूप उशिरा कबूल केलं. तो उठला असता तर पुढची सीट रिकामी झाली असती. माझा रविवार गेला असता.

आणि सोमवारी सकाळी तो माझ्या पेशंटना घेऊन यायचा. त्याच्या व्हॅनच्या सरकत्या दाराचा आवाज मला तिसऱ्या मजल्यावरूनही ओळखू यायचा, कारण ते शेवटच्या वितभर अंतरात अडकायचं आणि त्याला खांद्याने रेटावं लागायचं. मी एकेकाचे गुडघे हातात घ्यायचो आणि सहज विचारल्यासारखं विचारायचो, "आज कसा झाला प्रवास?"

एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या नेहमी पुढच्या सीटवर बसत. म्हणाल्या, "तुमचा मेहुणा फार गोड आहे. पण सिग्नल हिरवा झाला तरी हा आपला बसलेला. मागचे हॉर्न मारून मारून दमले. मी म्हटलं, कुठे हरवलास रे बाळा? तर हसला."

"असं नेहमी होतं?"

"प्रेमात पडला असेल," त्या म्हणाल्या. मी त्यांचा पाय वाकवत होतो. त्यांना माझ्या हातांचा काही फरक जाणवला नसावा.

फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मिस्त्रीणबाईकडून कळलं. सावकाश पाण्याच्या बाटल्या भरायला गेला होता. तिने हळू आवाजात विचारलं, "दादा, फॉर्म तुम्हाला वाचून दाखवला होता ना?"

"का?"

"नाही, म्हटलं तुम्ही असं स्वतःहून लिहून द्याल असं वाटलं नाही." आणि तिने वाचलं, "मागच्या स्वाराने पुढच्याची सूचना न ऐकता जोर लावल्यामुळे चेन पडून फ्रेमचं नुकसान. जबाबदार, मागचा स्वार."

बाटल्या भरून तो परत आला. मी त्याच्या हातून बाटली घेतली. मिस्त्रीणबाईने नळीवर पुन्हा हात फिरवला असावा, कारण ती म्हणाली, "खाचेच्या टोकाशी एक बारीक रेघ दिसतेय. मला ती आवडत नाही. उतारावर दमानं घ्या. पुढच्या रविवारनंतर मी ही सायकल बाजूला काढणार आहे."

त्या संध्याकाळी मी बायकोकडे विषय काढला. ती प्रुफं घेऊन बसली होती. कागद उलटल्याचा आवाज दर दीड मिनिटाला यायचा.

"सावकाश हल्ली मधेच गप्प होतो," मी म्हटलं.

ती हसली. "तो? गप्प? कशाने होतो तेवढं सांग, मी रोज देईन."

"थट्टा नाही करत मी. बोलता बोलता थांबतो. चार सेकंद, पाच सेकंद. त्याचे पाय थांबतात. त्याला नंतर आठवत नाही. त्याला दाखवायला हवं. आणि तोवर त्याने व्हॅन चालवू नये. तू त्याच्याबरोबर बसू नकोस."

कागद उलटायचा थांबला.

"हे त्या ओरखड्यावरून चाललंय का? तो मला म्हणाला, भावजींना राग आलाय म्हणून."

"त्याने फॉर्मवर माझं नाव घातलं हे खरंय. पण—"

"हे बघ, दर रविवारी तो पाच वाजता उठून येतो. त्याला काय दुसरी कामं नाहीत? तुला त्याच्यावर अवलंबून राहावं लागतं ते तुला सोसत नाही, मला कळतं. म्हणून त्याच्यात खोट काढायची?"

तिच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच मी अडकलो. अर्धं खरं ऐकलं की उरलेलं अर्धं खोडून काढायला माणसाकडे बळ राहत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे." मंगळवारी ती व्हॅनमधूनच घरी आली. दाराशी तिच्या चपलांचा आवाज येईपर्यंत मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो.

शेवटचा रविवार स्वच्छ होता. चढ व्यवस्थित पार पडला. सावकाश दर वेळी "बदल" म्हणत होता, मोठ्याने, मुद्दाम. तलावाशी आम्ही पाणी प्यायलो. मी ठरवलं होतं की आज बोलायचं, तिथेच, कट्ट्यावर बसून. त्याने भलत्याच उमेदीने कुठलासा जुना किस्सा काढला आणि मी ते परतीवर ढकललं.

उताराचा तो रस्ता मला तोंडपाठ होता. आधी झाडांखालचा गारवा, मग पाण्याच्या पंपाची घरघर उजव्या हाताला, आणि घरघर मागे पडली की मनात पाच म्हणेपर्यंत डावं वळण. वळणाच्या पलीकडे दगडी कठडा, त्याच्या पलीकडे काय ते मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या हँडलला एक छोटा ब्रेक होता, फक्त मागच्या चाकाचा, लांब उतारावर पुढच्याला मदत म्हणून. सावकाशने सांगितल्याशिवाय मी त्याला हात लावत नसे.

पंप आला तेव्हा तो बोलत होता. पंप मागे पडला तेव्हा बोलत नव्हता. उतारावर पाय स्थिरच असतात, त्यामुळे त्यांच्यावरून काही कळेना. मी म्हटलं, "सावकाश?" एक. दोन. वळणाआधी सायकल डावीकडे कलायला हवी, ती कलली नाही. वारा तसाच सरळ तोंडावर येत होता. "सावकाश," मी ओरडलो आणि ब्रेक पूर्ण दाबला.

मागचं चाक घसरलं. माझे पाय आपोआप पेडलांवर आवळले गेले, चेन उडाली, मधे जाऊन बसली, आणि खाली टाचेच्या जवळ काहीतरी कडकन मोडलं. आम्ही दोघं खडीवर आडवे झालो. मी हात पुढे केला तर तीन बोटांवर कठड्याचा दगड लागला.

थोडा वेळ फक्त मागचं चाक फिरत असल्याचा आवाज होता.

"ब्रेक का दाबलात?" तो म्हणाला. आवाज खऱ्या आश्चर्याचा होता. "भावजी, मरायचं होतं का? ब्रेक का दाबलात तुम्ही?"

"वळण आलं होतं."

"कुठलं वळण, अजून पंपसुद्धा..." आणि तो थांबला. या वेळी तो हजर होता, कारण तो मागे वळून बघताना खडी सरकल्याचं मला ऐकू आलं. पंप आमच्या मागे घरघरत होता.

मी त्याच्याजवळ सरकलो आणि दंडाला हात लावला. हाड शाबूत होतं. 

"किती दिवस होतंय?"

"काय?"

"सावकाश, मी तुझ्या मागे बसतो. तुझे पाय माझ्या पायांना बांधलेले आहेत. किती दिवस?"

 तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "चार-पाच महिने. आधी कधीतरी. आता दर आठवड्याला. मला अंधारी येत नाही, चक्कर येत नाही, काहीच होत नाही, भावजी. तेवढा तुकडा नसतोच. चेन पडल्याचा आवाज झाला की मी परत येतो, आणि हातात खटका ओढलेला असतो. तुम्ही सगळे चेनकडे बघत बसता. मलाही बरं वाटायचं. चेनचंच काहीतरी असेल."

"आणि व्हॅनमध्ये? तिथे चेन नसते."

"मागच्यांचे हॉर्न," तो म्हणाला.

आम्ही सायकल उचलली. नळी खाचेपाशी आरपार तुटली होती, दोन्ही कडा बोटांना लागत होत्या. ती खांद्यावर धरून आम्ही चालत निघालो, पुढे तो, मागे मी. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "मीच सांगतो. उद्या दुपारी, गाड्यांच्या साहेबांना. माझ्या तोंडाने सांगू द्या. ताईलाही मीच सांगतो."

"सकाळची फेरी?"

"ती बदलून घेतो. शपथ."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. किंवा नकोसं वाटणारं ते काम मला आणखी एक दिवस टाळायचं होतं.

सोमवारी सकाळी पेशंट आले ते दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर. मी निर्धास्त झालो. दुपारी जेवलोही. चारला पाच मिनिटं कमी असताना वॉर्डबॉयने मुख्याध्यापिकाबाईंना चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं, आणि मी हात धुवायला उठलो. खिडकी उघडी होती. खाली सरकतं दार शेवटच्या वितीत अडकलं, खांद्याने रेटलं गेलं. दुसरा ड्रायव्हर ते लाथेने लावायचा. हा खांदा होता.

मी टॉवेल हातात घेऊनच निघालो. तीन जिने मी कठड्याला धरून इतक्या वेगाने कधी उतरलो नव्हतो. काठी वरच राहिली. पोर्चमध्ये इंजिन सुरू होतं. पायऱ्या चार, मग फरशी, मग डांबर. मी इंजिनाच्या आवाजाकडे चालत गेलो आणि तो आवाज छातीसमोर आला तिथे उभा राहिलो.

"सावकाश, बंद कर."

कुणीतरी बाजूने म्हणालं, "अहो, गाडी निघतेय, या इकडे." मी हललो नाही. गिअर पडल्याचा आवाज आला. व्हॅन हलली. बंपर माझ्या नडग्यांना लागला, हळूच, एखाद्याने पायाने चाचपावं तसा, आणि थांबला. मी हात पुढे केला. बॉनेट गरम होतं. मी दोन्ही हात त्यावर ठेवले.

"बंद कर," मी म्हटलं. "मी बाजूला होणार नाही."

इंजिन बंद झालं. दार उघडलं. तो उतरून माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आजच्या दिवस. साहेब रजेवर आहेत. उद्या सांगणार होतो, आईशप्पथ."  पोर्चमध्ये जे कोण होते त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं, "याला फिटा येतात. याने गाडी चालवायची नाही." मग सगळीकडे एकदम बोलणं सुरू झालं. त्यात मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज नव्हता.

तपासण्या झाल्या. डोक्यात एका बाजूला जुना व्रण निघाला, कधीतरी पडल्याचा असावा, त्यालाही आठवत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. हॉस्पिटलने त्याला काढलं नाही, भांडारात बसवलं, चादरी आणि सलाइनचे खोके मोजायला. घाई करायला तिथे काहीच नव्हतं. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. व्हॅन गेल्याचा राग नव्हता तो. मी चारचौघांत बोललो याचा होता, आणि त्याचं चुकत होतं असं मला अजूनही म्हणवत नाही.

बायकोने भावाचे रिपोर्ट तीनदा वाचले. ती कुठलाही कागद तीनदाच वाचते. नंतर दोन दिवसांनी, कपड्यांच्या घड्या करताना, तिने विचारलं, "तुला पहिल्यांदा कधी कळलं?"

"तुला सांगितलं त्याच्या आधी."

"किती आधी?"

खोटं बोलता आलं असतं. "ज्या दिवशी त्याच्या टायरांची गोष्ट अर्धी राहिली. पडलो त्याच्या सात आठवडे आधी."

तिचे हात थांबले. ती मनात काय मोजत होती ते मला माहीत होतं, कारण मी ते आधीच मोजलं होतं. सात आठवडे, दर आठवड्याला दोनदा, पुढची सीट. तिने घडी पुरी केली, कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार नेहमीपेक्षा हळू लावलं. तिला जर मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं का, हे तिनेही विचारलं नाही आणि मीही नाही. त्या रात्रीपासून आमच्यात एक सभ्यपणा आलाय. आम्ही एकमेकांचे आभार मानतो.

क्लबने तुटलेली फ्रेम ठेवून घेतली. मिस्त्रीणबाईने फोन करून विचारलं, दुसरी सायकल आहे, पुढे बसायला एक माणूसही आहे, शांत, काळजी घेणारा. मी म्हटलं, सध्या नको.

चार महिन्यांनी सावकाश माझ्या खोलीत आला. पेशंट म्हणून. भांडारात खोका उचलताना खांदा लचकला होता. टेबलावर पालथा झोपला. मी खांद्याला हात लावला तसा ओळखला, नाव सांगायच्या आधी.

"गोळ्या चालू आहेत?"

"हो. तेव्हापासून एकदाही नाही." आणि थोड्या वेळाने, तोंड उशीत असल्यामुळे आवाज दबलेला, "भावजी, एक सांगायचं होतं. त्या दिवशी पोर्चमध्ये. तुम्ही सगळ्यांना सांगता ना, की तो थांबला. मी तुम्हाला बघून थांबलो म्हणून."

"मग?"

"मला तुम्ही येताना दिसलाच नाहीत. दार लावलं, चावी फिरवली, इथपर्यंत आठवतं. त्याच्यानंतर एकदम तुमचे हात बॉनेटवर. मधलं काही नाही."

मी अंगठा त्याच्या खांद्याच्या पात्याखाली सरकवला. तिथे गाठ होती.

"मग ब्रेक कोणी दाबला?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, त्या म्हणतात, त्यांनी हँडब्रेकला हातही लावला नाही. माझाच पाय असेल. तसाच पडला असेल, नुसता."

बाहेर पुढचा पेशंट येऊन बाकावर बसला. मी सावकाशला म्हटलं, श्वास सोड, आणि गाठीवर दाब दिला.